गुटगुटीत बाळ आणि आईचे वजन

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत गरोदर बाईला दोन सल्ले हमखास मिळतात. एक : दोन जिवांची आहेस, दोघांचे खा. दुसरा : जास्त खाशील तर बाळ मोठे होईल, सिझर करावे लागेल. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींचे परिणाम बाळाला पुढे भोगावे लागतात.

आईचे वजन दिवस जाण्याआधीच जास्त असेल किंवा गरोदरपणात भराभर वाढले, तर तिच्या रक्तातील साखर वाढण्याचा धोका असतो. ती साखर वारेतून बाळाला मिळते. ती जिरवण्यासाठी बाळाचे शरीर जास्त इन्सुलिन तयार करते आणि चरबी साठवते. अशी मुले पुढे लठ्ठ होण्याची, तरुणपणीच मधुमेह जडण्याची शक्यता वाढते.

मग सडपातळ आईचे बाळ सुरक्षित का? तसेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील ३.५ किलोंची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. म्हणजे दिसायला रोड, आत चरबी. अशा मुलांचे वजन पुढे झपाट्याने वाढले की मधुमेह लवकर गाठतो. म्हणून त्यांना बिस्किटे, कुरकुऱ्यांची सवय लावू नये.

यात दोष आईचा नाही. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते? भाजी संपली की भाकरी चटणीशी कोण खाते? दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोटकडून ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईचे वजन फडात कोण करते? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. आईचे आरोग्य हा हक्काचा प्रश्न आहे.

म्हणून आम्ही सांगतो :

दिवस जाण्याआधीच वजन व उंची मोजून घ्या. नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करा.

सर्वसाधारण वजनाच्या आईचे वजन नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलोंनी वाढावे. सडपातळ आईचे त्याहून जास्त, वजनदार आईचे कमी. गरोदरपणात उपास करून वजन उतरवू नका.

पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात साखर तपासून घ्या. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

लोह-फॉलिकच्या गोळ्या चुकवू नका. सोबत भाकरी, वरण, पालेभाजी, आणि बी-१२ साठी अंडी, मासे, दूध घ्या. आपल्या ताटाला कोणी नावे ठेवली तरी अंडी-मासे सोडू नका.

ऊसतोडीला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्या.

आणि कर्त्या पुरुषांनो, पौर्णिमेला विहारात जमता तेव्हा वस्तीतील गरोदर भगिनींची या महिन्याची तपासणी झाली का, एवढे विचारा. घरी गेल्यावर पहिले ताट तिला वाढा.