पाच दिवस कझाकस्तानचे

या सभागृहात ‘मी’ म्हणायला बंदी आहे. ‘मला वाटतं’ असे तोंडून निघाले की अध्यक्ष थांबवतात. इथे वाटायचे ते देशाला. बोलणाऱ्याने म्हणायचे, ‘कझाकस्तानची भूमिका अशी आहे.’ अध्यक्षही शाळकरीच, पण हातात लाकडी हातोडा असतो आणि संबोधन ‘माननीय’ याखेरीज चालत नाही.

‘हेग इंटरनॅशनल मॉडेल युनायटेड नेशन्स’, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘थिमन’, ही परिषद १९६८ साली सुरू झाली. नेदरलँड्समधील हेग शहरात जानेवारीच्या अखेरीस पाच दिवस ठिकठिकाणच्या देशांतली हजारो शाळकरी मुले संयुक्त राष्ट्रांची प्रतिकृती उभी करतात. कल्पना त्याहून जुनी आहे. १९२० च्या दशकातच अमेरिकी विद्यापीठांत राष्ट्रसंघाच्या लुटुपुटूच्या सभा भरत. हेगची निवडही समर्पक म्हणावी लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या सहा प्रमुख अंगांपैकी न्यूयॉर्कबाहेर असलेले एकमेव अंग, आंतरराष्ट्रीय न्यायालय, इथल्या पीस पॅलेसमध्ये बसते. कुलभूषण जाधव खटल्याचा २०१९ मधला निकाल याच इमारतीतून आला.

शाळेच्या वाट्याला देश येतो, तो बहुधा परकाच. समजा, पुण्याच्या एखाद्या दहावीतल्या मुलीला कझाकस्तान मिळाला आणि समिती निःशस्त्रीकरणाची. आधी नकाशात देश शोधायचा, मग त्याचा इतिहास. तिला सेमिपालातिन्स्क सापडते. तिथे सोव्हिएत संघाने १९४९ ते १९८९ या काळात ४५६ अणुचाचण्या केल्या. ते केंद्र २९ ऑगस्ट १९९१ रोजी बंद झाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या पदरात हजाराहून अधिक अण्वस्त्रे पडली होती. ती त्याने सोडून दिली. तेव्हा कझाकस्तान म्हणून बोलायचे तर अणुचाचण्यांवर पूर्ण बंदी हवी, हे ठामपणे मांडावे लागणार.

इथेच तिला पेच पडतो, कारण तिच्या स्वतःच्या देशाने नेमका अशी पूर्ण बंदी घालणारा करारच नाकारला होता. १९९६ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत भारताच्या वतीने नकार मांडणाऱ्या राजदूत अरुंधती घोष मुंबईच्या शाळेत शिकलेल्या. बड्या राष्ट्रांनी स्वतःची अण्वस्त्रे कधी संपवायची याची मुदत करारात नाही, हा भारताचा आक्षेप होता. त्या परिषदेत एकमताशिवाय काही मंजूर होत नाही, म्हणून मसुदा आमसभेत नेला गेला. तिथे तो १५८ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. त्या तिघांत भारत होता. करार मात्र आजही लागू झालेला नाही. त्यासाठी ज्या ४४ देशांची मान्यता हवी, त्यांत भारतही आहे. आपले घर एका बाजूला आणि आपली पाटी दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था घेऊन ती विमानात बसते.

हेगमधला सुरुवातीचा वेळ भाषणांत जात नाही. प्रत्येक जण घरूनच ठरावाचा मसुदा लिहून आणतो आणि समविचारी देश शोधत फिरतो. याला ‘लॉबिइंग’ म्हणतात. मग चार-पाच मसुद्यांचा एक मसुदा करायचा. आपले लाडके कलम कोणी वगळले, कोणी अर्धे कापले, तरी चेहरा शांत ठेवायचा. पुरेशा सह्या जमल्या की कागद तपासणीला जातो. चर्चा त्यानंतर. बोलायचे असेल तर देशाची पाटी उंच धरायची. शेजाऱ्याशी कुजबुज नको म्हणून चिठ्ठ्या पाठवायच्या.

ठरावाची घडण व्याकरणाच्या शिक्षकांना आवडेल अशी असते. अख्खा ठराव म्हणजे एकच वाक्य, पूर्णविराम फक्त शेवटी. आधी ‘स्मरण ठेवून’, ‘चिंता वाटून’ अशी पार्श्वभूमी आणि मग क्रमांक दिलेली कलमे. खरा जीव असतो कलमाच्या पहिल्या क्रियापदात. ‘आवाहन करते’, ‘आग्रह धरते’, ‘निषेध करते’ यांत पायऱ्या आहेत. सदस्य देशांना बांधून घालणारे ‘निर्णय घेते’ शोभते ते सुरक्षा परिषदेला. इतर देशांशी बोलताना आमसभेच्या हाती मुख्यतः शिफारसच असते.

मुलांना हा कीस वाटतो, पण खऱ्या संयुक्त राष्ट्रांतही शब्दांवरच घोडे अडते. १९६७ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ इस्रायलने ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ माघार घ्यावी म्हणतो. सगळ्या की काही? इंग्रजी आणि फ्रेंच मसुद्यांतल्या एका उपपदाच्या फरकावरून तो वाद अजून चालू आहे. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता यांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ऐवजी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरला. १९४८ पासून पहिल्या कलमात तेच शब्द आहेत.

आपल्याकडची मुले वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत तयार होतात. तिथे समोरच्याला निरुत्तर केले की करंडक आपला. हार्वर्डच्या मुलांनी भरवलेल्या परिषदांतही उत्कृष्ट प्रतिनिधीला बक्षीस मिळते. थिमनमध्ये बक्षीसच नाही. निरुत्तर झालेला देश विरोधात मत देतो आणि आपला ठराव पडतो, एवढेच हाती लागते.

हा खेळ महागडा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. व्हिसा, विमान, हॉटेल, नोंदणी आणि वर सफाईदार इंग्रजी यांमुळे तो मूठभर शाळांपुरता राहतो. पण त्याचा गाभा हेगला बांधलेला नाही. संयुक्त राष्ट्रांचे ठराव इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात आणि पाट्या पुठ्ठ्याच्याही चालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून अशी सभा भरवायला कोणाची ना नसावी.

तिकडे हेगमध्ये भारताची पाटी एखाद्या डच मुलापुढे असेल. तो उठून १९९६ ची आपली बाजू मांडतो आणि चोख मांडतो. पुण्याच्या मुलीला मनातून टाळी वाजवावीशी वाटते. पण पाटी कझाकस्तानची, उत्तर द्यावेच लागते. मग चिठ्ठी येते, ‘तिसऱ्या कलमातले “निषेध करते” काढलेत तर भारत निदान तटस्थ राहील.’ ती सेमिपालातिन्स्क आठवते, मते मोजते आणि पेन उचलते. ‘निषेध करते’ खोडून वर लिहिते, ‘तीव्र चिंता व्यक्त करते’.