आधी शून्य, मग आकाश!

रिमोटवरचं हेलिकॉप्टर मैदानात उडतं, पण ते कसं उडणार हे ठरतं आदल्या रात्री टेबलावर!

‘पिच’ म्हटलं की आपल्याला वानखेडे आठवतं, नाहीतर सिंगिंग रिअ‍ॅलिटी शोमधले परीक्षक. पण एरोमॉडेलिंगचं वेड लागलेल्या एखाद्या मेकॅनिकलवाल्याला विचारा, तो सांगेल की पिच म्हणजे हेलिकॉप्टरच्या पात्याचा कोन. हा कोन एखाद्या अंशाने चुकला, तरी पॉकेटमनी साठवून घेतलेलं मॉडेल पहिल्याच उड्डाणात थरथरायला लागतं. जास्त चुकला, तर त्याचे तुकडे गोळा करून घरी यावं लागतं.

ड्रोन आता लग्नातही दिसतात. त्यांची पाती सहसा फिक्स असतात. वर जायचं असेल तर मोटर जोरात फिरवायची, एवढंच. ‘कलेक्टिव्ह पिच’ हेलिकॉप्टरचं तंत्र वेगळं आहे. इथे रोटर जवळपास एकाच वेगाने फिरत राहतो आणि बदलतो तो पात्यांचा कोन. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून ओरडा खाल्ला असेल, तर हे तत्त्व तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तळवा आडवा असला की हात वाऱ्यात सरळ कापत जातो, पुढची कड जरा उचलली की हात वर ढकलला जातो. पात्याचंही तसंच. सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवला की हेलिकॉप्टर वर जातं. फेरीच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी केला की ते त्या हिशेबाने कलतं.

हे काम करते ‘स्वॉशप्लेट’. रोटरच्या दांड्यावर बसवलेली ही तबकडी. तिचा खालचा भाग स्थिर, वरचा पात्यांबरोबर फिरणारा. खालून सहसा तीन सर्व्हो तिला वर-खाली ढकलतात आणि कलवतात, वरून बारीक लिंक तीच हालचाल पात्यांपर्यंत नेतात. जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रिमोटवर नीट ताब्यात राहणारी मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवली. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक्स पार बदललं, पण स्वॉशप्लेट आणि लिंक अजून तशाच आहेत.

टेबलावरची तयारी

सगळ्यात पहिलं काम म्हणजे मोटरच्या वायर काढायच्या. सेटिंग करताना पाती लावलेली असतात आणि आपली बोटं त्यांच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे ‘मी स्टिकला हात लावणार नाही’ हा भरवसा पुरेसा नाही. मोटर फिरूच शकणार नाही याची खात्री हवी.

मग ट्रान्समीटरवरचे सगळे ट्रिम शून्यावर आणायचे आणि थ्रॉटलची स्टिक बरोब्बर मध्ये ठेवायची. या स्थितीत प्रत्येक सर्व्होचा आर्म काटकोनात हवा. सर्व्होच्या दात्यांमुळे तो दोन-तीन अंश इकडे-तिकडे बसतो. आर्म काढून दुसऱ्या दात्यावर बसवून बघायचा आणि उरलेला थोडासा फरक तेवढा ‘सब-ट्रिम’ने काढायचा.

दुसरी पायरी स्वॉशप्लेटची. ती रोटरच्या दांड्याशी काटकोनात हवी. त्यासाठी दांड्यावर बसणारं लेव्हलिंग टूल मिळतं. ते खाली सरकवून प्लेटला टेकवलं की कुठे फट राहतेय ते दिसतं. त्या बाजूच्या लिंकची लांबी कमी-जास्त करायची.

आता पिच गेज. हे पात्यावर चिमट्यासारखं बसतं आणि कोन दाखवतं. स्टिक मध्ये असताना दोन्ही पात्यांचा कोन ० अंश यायला हवा. नसेल तर पात्याच्या लिंकचं टोक फिरवायचं, पुन्हा बसवायचं, पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण इथेच घाई नडते.

शून्य लागलं की टोकं तपासायची. स्टिक पूर्ण वर नेल्यावर जेवढा अधिक कोन येतो, तेवढाच उणे कोन स्टिक पूर्ण खाली आणल्यावर यावा. उलटंसुलटं उडवणारे पायलट साधारण अधिक-उणे १२ अंशांच्या आसपास ठेवतात, नवशिक्याने कमीवरच सुरुवात केलेली बरी. शेवटी स्टिक सगळ्या कोपऱ्यांत फिरवून बघायची. कुठे लिंक अडकतेय, सर्व्हो कण्हल्यासारखा आवाज करतोय, तर रेंज कमी करायची.

‘जायरो घेईल सांभाळून’

खरा मोह इथे आहे. हल्लीच्या मॉडेलमध्ये जायरोचं युनिट असतं. स्वॉशप्लेट जरा वाकडी असली तरी ते दुरुस्त्या करत राहतं आणि हेलिकॉप्टर उडतंही. मग लिंक उघडत कोण बसणार? पण त्या वाकडेपणातच सर्व्होची काही रेंज आधीच खर्ची पडलेली असते. एका बाजूला वळायला भरपूर जागा, दुसऱ्या बाजूला कमी. शांत हवेत हे कळत नाही. वाऱ्याचा झोत आला आणि नेमकी तीच बाजू लागली, की कळतं. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी मेकॅनिकल, मग सॉफ्टवेअर.

एक अंश म्हणजे किती, याचाही हिशेब करा. मॉडेल साधारण ५ अंशांवर तरंगत असेल, तर १ अंशाची चूक म्हणजे पाचवा हिस्सा. मिनिटाला २,८०० फेऱ्या धरल्या, तर एका पात्याचा हा जास्तीचा जोर सेकंदाला जवळपास ४७ वेळा सगळ्या सांगाड्याला हादरवतो. म्हणून उडवताना ‘ट्रॅकिंग’ बघतात. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप लावायची, लांबून, डोळ्यांच्या रेषेत बघायचं. फिरत्या चकतीची एकच कड दिसली तर उत्तम. दोन दिसल्या तर मोटर थांबवून, रोटर पूर्ण थांबल्यावर, एका पात्याची लिंक थोडी फिरवायची.

हे खेळणं नाही

३२५ मिलिमीटरची पाती असलेल्या लहान मॉडेलचं पातं या वेगात टोकाला ताशी सुमारे ३७५ किलोमीटरने धावत असतं. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून १९ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. तो नवशिका नव्हता. आपल्याच वयाचा होता.

त्यामुळे मैदानावर बॅटरी जोडण्याआधी ‘थ्रॉटल होल्ड’ ऑन, बघणारे मित्र बरेच मागे आणि पहिले काही आठवडे कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर. तिथे आपटलं तरी फक्त रिसेट दाबावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे झोन आहेत. आपलं मैदान कशात येतं ते नकाशावर आधी बघून घ्या.

एवढी कटकट कशासाठी, असं वाटलं तर मंगळावरचं ‘इंजेन्युइटी’ आठवा. १९ एप्रिल २०२१ ला तिथे उडालेल्या नासाच्या या १.८ किलोच्या हेलिकॉप्टरलाही स्वॉशप्लेट होत्या, सर्व्हो होते, बदलणारा पिच होता. तिथे लिंक अर्धा आटा फिरवायला कुणी जाऊ शकत नव्हतं. म्हणून उड्डाणाआधी जमिनीवरच सर्व्हो हलवून पाती नीट कोन घेतायत का, हे तपासून घेतलं गेलं. आपल्याला तर टेबल आहे, गेज आहे आणि उद्याचा दिवसही आहे. ० अंश लागेपर्यंत मोटरच्या वायर जोडू नका.