निरोपांची साखळी आणि कर्करोगाचा प्रसार

स्तनात उद्भवलेली कर्करोगाची गाठ सहसा आपल्या जागी राहून प्राण घेत नाही. तिच्यातून निसटलेल्या पेशी हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात वा मेंदूत जाऊन ठाण मांडतात, तेव्हा खरे संकट ओढवते. जागेला चिकटून राहणाऱ्या पेशीला प्रवासाची आज्ञा देतो तरी कोण?

पेशीच्या पृष्ठभागावर आलेला निरोप आत पोहोचविण्याचे काम कायनेज नावाची विकरे करतात. विकर एखाद्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. ते प्रथिन जागे होते आणि निरोप पुढे जातो. निरोगी पेशीत काम संपताच दुसरी विकरे तो फॉस्फेट काढून घेतात. कर्करोगात मात्र ही साखळी थांबत नाही. पेशी वाढत सुटते, शेजारच्या पेशींचा हात सोडते आणि सरकू लागते. १९९८ साली अमेरिकेत मान्य झालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध हर-२ नावाच्या अशाच एका कायनेजाला आवर घालते.

परंतु सारीच कायनेजे वैरी नसतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सुमारे १,००० स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे एकच इंजेक्शन दिले होते. सर्वांचा एकत्र विचार करता फरक निर्णायक ठरला नाही. पण ज्यांच्या काखेतील ग्रंथींत रोग शिरला होता, त्यांच्यात पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ६५.३ टक्के आढळले. इंजेक्शन न घेतलेल्या तशाच स्त्रियांत ते ५४.७ टक्के होते.

असे का व्हावे? टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधकांनी २०१८ साली प्रयोगशाळेतील पेशींवरून याचा उलगडा केला. प्रोजेस्टेरॉनमुळे एसजीके-१ हे कायनेज वाढते. त्यायोगे एनडीआरजी-१ हे प्रसाररोधक प्रथिन वाढते. आणि ते इतर कायनेजांना निष्क्रिय करून पेशींची वाट अडविते. काट्याने काटा काढावा, तसाच हा प्रकार!

हे इंजेक्शन अद्याप सर्वांसाठी नित्याचा उपचार झालेले नाही. तोवर आपल्या हाती आहे ते वेळेचे भान. पवारांच्या धार-देवासातील घरांतही संकोचापायी गाठ लपविली जात असेल, तर ती पेशींना प्रवासाची सवलतच होय. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण तपासल्यावाचून ते कळत नाही. आणि तपासणीसाठी इंदूर काही फार दूर नाही.