एक भाकर, एक पंगत
आद्य ख्रिस्ती मंडळीच्या नमुन्यावर चालणारी उपासना

ख्रिस्ती देवालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा, घंटा, रंगीत काचांच्या खिडक्या आणि लांबलचक बाके उभी राहतात. आपल्या हैदराबादेहून सहलीस जाणाऱ्या बहुतेक मंडळींनी मेदकचे 1924 सालचे भव्य चर्च पाहिलेले असते. ते पाहून मन थक्क होते आणि हा धर्म साहेबांबरोबर जहाजातून येथे आला असावा, अशी समजूतही नकळत घट्ट होते. आमचीही विद्यार्थिदशेत तशीच समजूत होती. पुढे इतिहास शिकविण्याचा प्रसंग आला तेव्हा ध्यानी आले की, येशूनंतरच्या जवळजवळ पहिल्या तीनशे वर्षांत यांपैकी काहीच नव्हते. त्या पहिल्या मंडळीकडे परत जावे, तिच्यासारखी उपासना करावी, अशी ओढ असणारे ख्रिस्ती लोक आजही आहेत आणि त्यांचे एक मोठे केंद्र आपल्याच शहरात, गोवळकोंडा चौरस्त्याजवळ, 'हेब्रोन' या नावाने आहे. त्यांच्या उपासनेची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या मंडळीची उपासना होती तरी कशी? बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तिची चार लक्षणे सांगितली आहेत : प्रेषितांची शिकवण ऐकणे, एकमेकांशी सहभाग ठेवणे, भाकर मोडणे आणि प्रार्थना करणे. हे सारे घरोघरी चाले. सुमारे इसवी सन 112 मध्ये प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने बादशहा त्राजान यास या लोकांविषयी एक पत्र लिहिले. ठरलेल्या दिवशी पहाटे जमून हे लोक ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. आणि पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातात, असा त्याचा अहवाल आहे. ही माहिती काढण्यासाठी त्याने मंडळीत सेविका असलेल्या दोन दासींचा छळ केला, हेही तो सहज सांगून जातो. त्या दासींची नावे त्याने लिहिली नाहीत.

पुढे सुमारे 155 साली जस्टिन नावाच्या विद्वानाने रोममधून रविवारच्या उपासनेचे सविस्तर वर्णन केले. प्रथम प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचावयाचे, मग प्रमुखाने उपदेश करावयाचा, सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावयाची, नंतर भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस सर्वांनी घ्यावयाचा. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरी पोहोचवावयाचा. ज्याची ऐपत असेल त्याने स्वेच्छेने द्यावे आणि त्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांची सोय व्हावी, अशी रीत होती. 'दिदाखे' नावाची आणखी एक प्राचीन पुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. तीत फिरत्या उपदेशकांची पारख करण्याचा फार व्यवहारी नियम आहे : जो तीन दिवस मुक्काम ठोकील किंवा निघताना पैसे मागेल, तो खोटा समजावा! हा नियम वाचून आमच्या वर्गातील मुले नेहमी हसतात, आणि हसता हसता विचारातही पडतात.

त्या काळी मंदिराची इमारत नव्हती. सिरियात फरात नदीच्या काठी दुरा युरोपोस या गावी उत्खननात सापडलेले सुमारे 240 सालचे उपासनास्थान म्हणजे एक राहते घरच आहे. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली; तीत फार तर साठसत्तर माणसे बसतील. पुढे 313 साली बादशहा कॉन्स्टंटाइनने या धर्मास मोकळीक दिली, 321 साली रविवारची सुटी जाहीर केली, राजाश्रय आला, मोठमोठ्या वास्तू उठल्या. घर गेले आणि दरबार आला. लाभ झाला तसा तोटाही झाला, असे त्याच धर्मातील कित्येक लोक तेव्हापासून म्हणत आले आहेत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पहिली मंडळी निर्दोष होती असे तिचे स्वतःचे लेखही सांगत नाहीत. तिच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न कोणता होता? आपल्याला अगदी परिचित असा, पंगतीचा! अंत्युखिया शहरात यहुदी आणि यहुदी नसलेले ख्रिस्ती लोक एकत्र जेवीत. पेत्रही त्यांच्यात बसे. पण यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने पेत्र पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर बोल लावला. करिंथ शहरात तर याहून वाईट प्रकार होता. सधन लोक लवकर येऊन आपापले जेवण उरकून घेत आणि मोलमजुरी करणारे उपाशी राहत. असे जेवण प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही, अशी पौलाने त्यांची कानउघाडणी केली. तेव्हा आद्य मंडळीचा नमुना उचलावयाचा तर तिचे विधी उचलणे सोपे. तिची पंगत उचलणे कठीण.

हिंदुस्थानात असा प्रयत्न करणाऱ्यांत अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे नाव प्रथम घ्यावे लागेल. हे गृहस्थ इंग्लंडातील एक्झिटर येथे दातांचे वैद्य होते. चालता व्यवसाय सोडून ते 1829 साली बगदादला गेले. तेथे 1831 च्या प्लेगात त्यांची पत्नी वारली. 1833 साली ते हिंदुस्थानात आले. पंथाची पाटी न लावता जे ख्रिस्ताला मानतात त्यांनी एकत्र भाकर मोडावी, पगारी पुरोहित नसावा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्याच प्रेरणेने आलेल्या बाउडन व बीअर यांनी 1836 पासून गोदावरीच्या मुखाकडील तेलुगू मुलखात काम सुरू केले. आपल्या मराठीत नारायण वामन टिळकांनीही ख्रिस्ती भक्तीस अभंग-कीर्तनाचा देशी पोशाख दिला आणि 1917 साली 'देवाचा दरबार' स्थापिला. परंतु 1919 साली ते निवर्तले आणि ते काम वाढू शकले नाही.

हैदराबादचे हेब्रोन हे बख्त सिंग यांचे काम. त्यांचा जन्म 1903 साली पंजाबात शीख घराण्यात झाला. इंग्लंड आणि कॅनडा येथे ते अभियांत्रिकी शिकले, 1929 साली विनिपेग येथे नवा करार वाचून त्यांचे मन पालटले आणि 1932 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1933 साली ते मुंबईस उतरले तेव्हा आईवडील त्यांस भेटावयास आले होते. 'ही गोष्ट गुप्त ठेव आणि घरी चल' असे त्यांचे म्हणणे. मुलाने गुप्त ठेवण्यास नकार दिला आणि आईवडील त्यांस मुंबईतच सोडून परतले. 1941 साली मद्रासेत त्यांनी स्वतंत्र मंडळी सुरू केली आणि 1950 च्या सुमारास हैदराबाद हे मुख्य ठिकाण केले. कोणत्याही परदेशी मिशनच्या पगारावर ते राहिले नाहीत. 2000 साली ते येथेच वारले.

आमच्या शाळेतील एका सहशिक्षकांच्या आमंत्रणावरून या परंपरेतील एका लहान मंडळीची रविवारची उपासना आम्ही पाहिली. दाराशी चपलांचा ढीग होता. आत सतरंज्यांवर एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया. मूर्ती नाही, चित्र नाही, झगा घातलेला पाद्री नाही. आम्हां मुसलमानास हे दृश्य परके वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. तबल्यावर व ढोलकीवर भजने झाली. मग बराच वेळ निरनिराळे लोक, ज्याला जसे सुचेल तसे, उभे राहून प्रार्थना करीत होते : एक रिक्षावाला, एक बँकेतील कारकून, एक म्हातारी बाई, कोणी तेलुगूत, कोणी हिंदीत, एकाने तर मराठीत. त्यानंतर एकच भाकर हातोहात मोडली गेली आणि प्याला फिरला. शेवटी एका वडिलांनी उपदेश केला. 'वडील' म्हणजे मंडळीने मान्य केलेले जबाबदार गृहस्थ. सारे मिळून तीन तासांहून अधिक वेळ लागला. बाप्तिस्मा येथे लहान मुलांस देत नाहीत. समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून देतात.

श्रद्धेच्या बाबतीत आमचे आणि त्यांचे अंतर उघड आहे. हजरत ईसा यांस आम्ही थोर पैगंबर मानतो, ते त्यांस देवाचा पुत्र मानतात. भाकर आणि प्याला यांत ते त्याच्या मरणाचे स्मरण करतात. प्याला आमच्या ओळीपर्यंत आला तेव्हा तो पुढे गेला, आणि ते योग्यच झाले. ज्याची श्रद्धा नाही त्याने तो घेऊ नये, असा त्यांचा नियम आहे आणि न घेण्याचा आमचाही धर्म आहे. खरी शेजारधर्माची सुरुवात अशा प्रामाणिक भेदातूनच होते, असे आम्हांस वाटते.

मुळाकडे परतणाऱ्यांचीही आपसांत भांडणे होतात. ग्रोव्ह्ज यांच्या विचाराच्या मंडळ्यांत कोणी कोणाबरोबर भाकर मोडावी याच वादावरून 1848 साली इंग्लंडात फूट पडली. एकत्र जेवण्यासाठी निघालेले लोक जेवणावरूनच वेगळे झाले! आम्ही हे हसून सांगत नाही. मुळाकडे चला म्हणणारे प्रत्येक धर्मात आहेत, आमच्याही आहेत. आणि मूळ कोणते हे ठरविताना शेजारी बसलेला माणूस दूर लोटला जातो, हा अनुभव कोणासच नवा नाही.

उपासना संपली. आम्ही निघू लागलो तोच सहशिक्षकांनी हात धरला : "सर, जेवल्याशिवाय जायचं नाही." या जेवणास ते 'प्रेमभोजन' म्हणतात. आमच्या लहानपणी मराठवाड्यातील एका गावी शेजाऱ्यांच्या लग्नात वडिलांची आणि आमची पत्रावळ मांडवाबाहेर ओट्यावर मांडली होती. वाढणाऱ्यांनी मायेने वाढले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. वडील काही बोलले नाहीत. पण ते त्या दिवशी फार थोडे जेवले, एवढे आमच्या लक्षात राहिले.

येथे मात्र त्याच सतरंज्या गुंडाळून ओळी धरल्या गेल्या. आमच्या एका बाजूस तो रिक्षावाला बसला, दुसऱ्या बाजूस बँकेतील कारकून. भात, सांबार आणि ताक. प्याला आम्हांस ओलांडून गेला होता. वाढपी मात्र आम्हांस ओलांडून गेला नाही. शीख घरात वाढलेल्या बख्त सिंगांना ही पंगत नवी नसावी, आणि अंत्युखियातील त्या जुन्या भांडणाचा अर्थ त्यांस आपल्यापेक्षा लवकर कळला असावा. एकोणीसशे वर्षांपूर्वीची मंडळी जशीच्या तशी उभी करणे कोणासही साधणार नाही. पण रविवारी दुपारी कोण कोणाशेजारी बसून जेवले, एवढे पाहून तिच्या किती जवळ आपण गेलो हे कोणासही ओळखता येईल.