‘अंकल’ म्हणजे नक्की कोण हो, भाऊजी?

गेल्या श्रावणातली गोष्ट. डोंबिवलीहून आमच्या वहिनी एक दिवस अचानक आल्या. हातात शंभर पानी वही. चहा व्हायच्या आतच म्हणाल्या, “भाऊजी, जन्मभर लोकांच्या पोरांना इंग्रजी शिकवलंत. आता मला शिकवा. दिवाळीपर्यंत!”

वहिनींचे वय सत्तर. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजीची पुंजी म्हणजे मुळाक्षरे आणि ‘धिस इज अ बुक’. मुलगा ह्यूस्टनला, सून तमिळ. त्यामुळे घरात इंग्रजी, आणि सहा वर्षांच्या नातीला तेवढेच येते. दर रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर आजी ‘हॅलो बाळा’ म्हणते, नात हात हलवते, आणि मग दोघींजवळचे शब्द संपतात. “नुसतं एकमेकींकडे बघून किती वर्षं हसायचं?” वहिनी म्हणाल्या.

मी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला माणूस. मराठी वाक्य घ्यावे आणि इंग्रजीत उतरवावे, हाच मला ठाऊक असलेला मार्ग. पहिला पाठ अर्थात स्वतःची ओळख. ‘मला दोन मुलगे आहेत’ याचे वहिनींनी केले, ‘टू मी टू सन्स आर.’ हसू नका, वाचकहो! मराठीत ‘आहे’ एकटाच सारा गाडा ओढतो. इंग्रजीत आपण कोण ते ‘आय ॲम’ने सांगायचे आणि आपल्यापाशी काय ते ‘आय हॅव’ने. शिकलेसवरलेले लोकही ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ म्हणतात, जसे काही मुलगे असणे ही आत्ता घटकाभर चाललेली क्रिया आहे! वयाचे त्याहून सोपे. ‘आय ॲम सेव्हंटी’ एवढे पुरे. ‘इयर्स’ घातलेत तर मागून ‘ओल्ड’ही घालावे लागते, आणि वहिनींना तो शब्द मुळीच पसंत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात वहिनींनी सासऱ्यांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, लिहून आणले, ‘दे वेअर माय फादर-इन-लॉ.’ ही चूक मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहे, आणि ती नेहमी संस्कारी घरातली मुले करतात. बापाला ‘तो’ कसे म्हणावे? ‘ते’च म्हणायचे! या चुकीला पूर्ण गुण कापायला माझा हात कधी धजला नाही. वहिनींना मी सांगितले, की इंग्रजीत पूर्वी ‘तू’साठी ‘दाऊ’ होता आणि ‘यू’ हा अनेकांसाठी व मानाचा शब्द होता. पुढे ‘दाऊ’ मागे पडला आणि ‘यू’ उरला. म्हणजे इंग्रज माणूस आपल्या कुत्र्यालाही ‘अहो’ म्हणतो! वहिनी खूश झाल्या. पण सासऱ्यांना ‘ही’ म्हणायचे ते त्यांनी डोक्यावर पदर घेऊनच म्हटले.

खरी पंचाईत नात्यांची. “तुम्ही तिचे चुलत आजोबा. तुम्हांला काय म्हणू?”

“ग्रेट-अंकल.”

“आणि अंकल म्हणजे नक्की कोण हो, भाऊजी? काका की मामा?”

काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, आणि हल्ली तर कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा! ‘सिस्टर-इन-लॉ’त वहिनी, नणंद, जाऊ आणि मेहुणी एकत्र नांदतात. (घरात नांदतात की नाही हा प्रश्न वेगळा.) गंमत अशी, की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत काकाला आणि मामाला निरनिराळे शब्द होते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्या फ्रेंचमधून ‘अंकल’, ‘आंट’, ‘कझिन’ आले आणि जुने शब्द लोपले. या पाहुण्यांचे मूळ लॅटिन. तिथे ‘अंकल’ म्हणजे मामा, ‘आंट’ म्हणजे आत्या आणि ‘कझिन’ म्हणजे मावसभावंड! तेव्हा सख्ख्या भावाला ‘रिअल ब्रदर’ आणि चुलत भावाला ‘कझिन ब्रदर’ म्हणण्याची आपली धडपड मला समजते. पण इंग्रजीत ‘ब्रदर’ आणि ‘कझिन’ एवढेच म्हणावे.

मग रूपाचे वर्णन. विलायती पुस्तकांत केस सोनेरी, डोळे निळे. आपल्या घरात सगळ्यांचेच केस काळे, मग वेगळेपण ते काय सांगायचे? बरे, ‘ब्लॅक आय’ लिहावे तर त्याचा अर्थ ठोसा बसून काळानिळा झालेला डोळा. आपल्या काळ्याभोर डोळ्यांनाही इंग्रजीत ‘डार्क ब्राऊन’ म्हणतात. पिकलेले केस आपण पांढरे म्हणतो, ते बहुधा ‘ग्रे’ म्हणतात. जाहिरातीतल्या वधूचा ‘व्हीटिश’ रंग आपण गव्हावरून घडवलेला. बाहेर तो फारसा कुणाला कळत नाही. आणि ‘नाकीडोळी नीटस’? मी दोन दिवस विचार केला आणि नाद सोडला. एक मात्र मी वहीत घोटून घेतले. ‘हाऊ इज ही?’ ही प्रकृतीची चौकशी, ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’ हा रूपाचा प्रश्न, आणि ‘व्हॉट इज ही लाइक?’ हा स्वभावाचा.

नवरात्रात वहिनींनी दादाचे वर्णन लिहून आणले. ‘माय हजबंड्स नेम इज’ आणि पुढे मोकळी जागा; नाव त्यांनी उखाण्याबाहेर कधी घेतलेलेच नाही. खाली लिहिले होते, ‘ही इज टॉल. ही हॅज अ बिग मुस्टॅश.’ दादाला जाऊन अकरा वर्षे झाली. मी लाल पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. म्हटले, “वहिनी, फोटो दाखवून सांगणार असाल, तर ‘इज’ चालतो.”

त्या थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग स्वतःच ‘इज’ खोडून त्यांनी ‘वॉज’ लिहिले, ‘हॅज’चे ‘हॅड’ केले.

दिवाळीआधीच्या रविवारी मी मुद्दाम डोंबिवलीला गेलो. वहिनींनी भिंतीवरची तसबीर उतरवून फोनसमोर धरली. “धिस इज युवर ग्रँडफादर. ही वॉज टॉल. ही हॅड अ बिग मुस्टॅश.” एकही चूक नाही! नात पडद्याजवळ सरकली आणि तिने विचारले, “व्हॉट वॉज ही लाइक?”

वहिनींनी वही चाळली. प्रश्न होता, उत्तर नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी काही बोलणार तोच त्यांनी वही मिटली.

“ही कम होम ऑल्वेज लेट,” त्या म्हणाल्या, “बट ही ब्रिंग जिलेबी.”

“व्हॉट इज जिलेबी?” नातीने विचारले.

याची तयारी आम्ही केलेलीच नव्हती.