आरोपांची बातमी आणि मतदार

फेब्रुवारी 2017 मध्ये ज्या निवडणुकीत पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत राष्ट्रवादी काँग्रेसची प्रदीर्घ सत्ता जाऊन 128 पैकी 77 जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या, त्या निवडणुकीच्या प्रचारात भ्रष्टाचाराच्या आरोप-प्रत्यारोपांना मोठे स्थान होते. अशा प्रचाराने विटून मतदार घरी बसतो, हा समज 1995 साली राज्यशास्त्रज्ञ आन्सोलाबेहेअर आणि अय्यंगार यांनी अमेरिकेतील प्रयोगांच्या आधारे पुष्ट केला. परंतु लाउ, सिगेलमन आणि रोव्हनर या अभ्यासकांनी 2007 मध्ये 111 अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा मतदान घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. आढळली ती शासनावरील विश्वासाला लागलेली किंचित ओहोटी.

या ओहोटीत वृत्तांकनाचा वाटा किती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कापेला आणि जेमिसन या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी 1997 च्या ग्रंथात दाखवले की, कोणी कोणावर कुरघोडी केली एवढेच सांगणारी बातमी वाचकाची राजकारणाविषयीची अश्रद्धा वाढवते. 2017 च्या त्या प्रचारात पिंपरी-चिंचवडमधील भोसरीहून कंपनीच्या बसने चाकणला पहिल्या पाळीस निघालेला कामगार मोबाइलवर ‘घणाघात’, ‘पलटवार’ अशी शीर्षके वाचत असे. पण ज्याच्या गुंठाभर जागेतील विनापरवाना घरावर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर, म्हणजे दंडात्मक कर, आकारला गेला होता, त्याला ती थकबाकी माफ होणार काय, आणि आरोपाला दफ्तरी आधार आहे काय, हे त्या मजकुरातून उमगत नसे. आरोप स्वतः त्याज्य नव्हे. सत्ताधाऱ्यांच्या हिशेबाची झडती प्रतिपक्षाने घ्यावीच, आणि वार्ताहराने ठराव, निविदा व लेखापरीक्षणाचे शेरे त्या आरोपाशेजारीच छापावेत.