न खाजणारा चट्टा

०.९५. दर दहा हजार लोकांमागे कुष्ठरोगाचे एवढेच रुग्ण उपचार घेत आहेत, असा हिशेब डिसेंबर २००५मध्ये लागला आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून या रोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. १९८३मध्ये हाच आकडा ५७.८ होता. घट खरी आहे आणि मोठीही आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार २०२३मध्ये जगभरात १,८२,८१५ नवे रुग्ण सापडले आणि त्यांतले लाखाहून अधिक आपल्या देशातले होते. मग संपलं काय?

उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. निर्मूलनाचा आकडा त्या दिवशी औषध घेणारेच मोजतो. समजा, दरवर्षी १०० नवे रुग्ण येतात आणि प्रत्येकाला २४ महिने औषध चालतं, तर नोंदवहीत कायम २०० नावं दिसतील. औषधाची मुदत १२ महिने केली की १०० उरतील, ६ महिने केली की ५०. रोग तेवढाच पसरत असतो, वहीतली नावं मात्र कमी होतात. बहुजीवाणू (जास्त जंतू असलेल्या) प्रकारातल्या औषधाची मुदत नव्वदच्या दशकाअखेर २४वरून १२ महिन्यांवर आली, हे इथे लक्षात ठेवायला हवं. म्हणून मला नव्या रुग्णांचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुंबईला हा रोग नवा नाही. पालिका आयुक्त एच. ए. अ‍ॅकवर्थ यांनी १८९०मध्ये रस्त्यावरच्या निराधार कुष्ठरुग्णांसाठी माटुंग्याला आश्रयस्थान उभारलं. तेच आजचं वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय. तेव्हा झडलेल्या बोटांवरून रुग्ण ओळखू यायचा. आज परळ-लालबागमध्ये तो ओळखायचा तर शर्टाखालचा चट्टा कुणीतरी नीट बघायला हवा.

कुष्ठरोगाचा जंतू दुप्पट व्हायला १२ ते १४ दिवस घेतो. लक्षणं दिसायला सरासरी ५ वर्षं, कधी २०सुद्धा लागतात. चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तिथे घाम येत नाही, लव विरळ होते आणि बहुधा खाजही नसते. गजकर्ण खाजतं म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हा चट्टा काहीच त्रास देत नाही म्हणून अंगावर काढला जातो. तपासणी साधी आहे. रुग्णाने डोळे मिटायचे, डॉक्टर कापसाचं टोक कधी चट्ट्यावर, कधी शेजारच्या कातडीवर टेकवतात, आणि स्पर्श झाला तिथे रुग्णाने बोट ठेवायचं. शेजारी बोट अचूक पडतं, चट्ट्यावर हात हलतच नाही. मग डॉक्टर कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपतात. ती सुतळीसारखी जाड लागली, तर दुखणं कातडीपुरतं उरलेलं नाही.

उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही हे चट्टे एकाएकी लाल होऊन सुजू शकतात. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडते आणि त्यात नसा होरपळतात. घरी वाटतं, अ‍ॅलर्जी झाली. केमिस्टकडून स्टेरॉइडची ट्यूब येते, लाली उतरते, डॉक्टरांना दिसायची खूण पुसट होते आणि आत नस जळतच राहते. गंमत नाही ही. करंगळी वाकायला इथूनच सुरुवात होते. तेच स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्यांच्या रूपात, ठरलेल्या मात्रेत दिलं, तर नस वाचू शकते. त्यासाठी बधिरपणा ६ महिन्यांच्या आतला असावा लागतो. त्यानंतर गेलेली संवेदना परत येण्याची आशा फार कमी.

सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहसा ६ महिने, त्याहून जास्त असतील तर १२. औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच जाते. शिवाय सुमारे ९५ टक्के लोकांना हा रोग मुळात होतच नाही. तरी चाळीत कळेल म्हणून नाव लपवलं जातं, आणि त्याच खोलीत राहणाऱ्या बाकीच्यांची तपासणी राहून जाते. सोबत राहणाऱ्यांना तपासून, योग्य असेल त्यांना प्रतिबंध म्हणून रिफॅम्पिसिन या औषधाचा एकच डोस द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०१८पासून आहे. तो डोस पोहोचायचा तर पहिल्या रुग्णाला घरातल्यांची नावं न घाबरता सांगता आली पाहिजेत.